मेंढरांची चाल

मेंढरांची चाल : देशावरच्या मेंढपाळ धनगरांचा कळपाबरोबरचा वार्षिक पायी प्रवास. दसरा-दिवाळीनंतर त्यांचे वाडे (फिरते तळ) घाट उतरून कोकणात येतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा वर चढतात. महाराष्ट्रात लोकरीच्या जनावराबरोबर रानोमाळ चालण्याची ही परंपरा फार जुनी आहे, तिच्यावर घरे चालतात आणि ती वर्षातले सात-आठ महिने सुरू असते.

या प्रवासाचे कारण पाऊस. दख्खनी मेंढी काटक, काळसर राठ लोकरीची आणि लांब चालणारी. पर्जन्यछायेतल्या पारनेर, संगमनेर, फलटण या भागांतला कोरडा माळ तिला मानवतो. कोकणातली संततधार मानवत नाही, खुर सडतात. उलट दिवाळीनंतर देशावरचा चारा आटू लागतो, त्याच वेळी कोकणात भात कापून शेते मोकळी होतात, बांधावर हिरवे शिल्लक असते. म्हणून पारनेर तालुक्यातल्या ढवळपुरीसारख्या गावांतले वाडे ठाणे-पालघरच्या बाजूला उतरतात.

‘वाडा’ म्हणजे एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा तळ. बिऱ्हाड घोड्यांवर लादलेले असते : भांडी, अंथरुणे, कोंबड्या, चालू न शकणारी कोकरे, कधी वर बांधलेले लहान मूल. पुरुष कळप चारत रानातून जातात, बायका घोडी घेऊन पुढचा मुक्काम गाठतात, पाणी-सरपण पाहतात, चूल मांडतात आणि मागे राहिलेली कोकरे सांभाळतात. चालीचे वर्णन करताना या दुसऱ्या वाटेकडे दुर्लक्ष होते, ते बरोबर नाही. तळ हलतो तो बायकांच्या कष्टावर. रात्री मेंढ्या ‘वाघूर’ या जाळीच्या कुंपणात कोंडतात आणि लांडग्या-बिबट्यापासून राखणीला कुत्री सोडतात.

शेतकऱ्याशी नाते खताचे. कळप रात्रभर शेतात बसवला की लेंड्या आणि मूत्र थेट मातीत मुरतात; बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. खत वाहून आणावे लागत नाही, जनावरच ते शेतात आणून टाकते. रासायनिक खताच्या काळातही अनेक शेतकरी ओळखीच्या वाड्याची वाट पाहतात, ही या व्यवस्थेच्या गुणवत्तेची साक्षच आहे.

लोकर वर्षातून दोनदा कातरतात. तिचे सूत सनगर समाजाचे कारागीर विणतात, चिंचोक्याच्या खळीने ताठ करतात आणि घोंगडी तयार होते. ऊन, थंडी, पाऊस या तिन्हींत मेंढपाळाच्या खांद्यावर तीच. राठ लोकरीला भाव उरला नाही, त्यामुळे आज उत्पन्न मुख्यतः मांसासाठी विकलेल्या नरांवर आणि शेतात कळप बसवण्याच्या मोबदल्यावर आहे.

या भटकंतीचे देवही चालणारे आहेत. बिरोबा, म्हस्कोबा आणि धनगरांच्या बाणाईला वरणारा खंडोबा यांच्या कथा रात्र-रात्र ओव्यांतून गायल्या जातात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी वाड्यांवर राहून त्या ध्वनिमुद्रित केल्या. पश्चिम भारतातल्या पशुपालकांच्या देवतांवरचा त्यांचा ग्रंथ जर्मनमध्ये १९७६ साली आला. मराठी माणसाला आपल्याच डोंगरवाटांचा हा ठेवा नीट समजला त्यात त्यांचा वाटा मोठा.

वाट मात्र आखडत चालली आहे. वनक्षेत्रात चराईवर बंधने आली, माळ औद्योगिक वसाहतींत गेले, घाटरस्त्यांवर वाहने वाढली. वसई तालुक्यातले आचोळे हे याचे ठळक उदाहरण. नालासोपारा पूर्वेचे हे मूळचे गाव. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली, तिच्या हद्दीत ते आहे. भाताची खाचरे इमारतींखाली गेली, आणि जिथे शेतच नाही तिथे कळप बसवायचा कुठे? आचोळ्याच्या रहिवाशाला असा वाडा पाहायचा तर दिवाळीनंतर वाडा, शहापूर, भिवंडी या तालुक्यांतल्या मोकळ्या खाचरांकडे जावे लागते.

युनेस्कोने ऑस्ट्रिया, ग्रीस व इटलीतली ऋतुमानानुसार कळप हलवण्याची प्रथा २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतली आणि २०२३ मध्ये ती नोंद दहा देशांपर्यंत वाढवली. स्पेनमध्ये जुन्या कळपवाटांना कायद्याचे संरक्षण आहे. धनगरांच्या वाटांनाही ते मिळायला हवे. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ राने व पशुपालक यांचे म्हणून जाहीर केले आहे. त्या निमित्ताने निदान घाटातल्या वाटा आणि मुक्कामाच्या जागा नकाशावर याव्यात.

कळपाबरोबर चालू इच्छिणाऱ्याने आधी वाड्यावरच्या थोरांची परवानगी घ्यावी, कळपाच्या मागे किंवा कडेला राहावे, मधून शिरू नये. कोकरू उचलू नये. परक्या वासाने आई कधी त्याला जवळ घेत नाही. कुत्र्याशी सलगी करू नये. घाटात कळप आडवा आला तर गाडी थांबवून भोंगा बंद ठेवावा, कारण बिचकलेली मेंढरे पुढच्या एकीमागोमाग दरीकडेही धावतात.