दारूचे वय

तोफेची दारू किती वर्षे टिकते? कोरडी राहिली तर शतकभरही. तिला वय मारत नाही, ओल मारते. सुमारे ७५ टक्के सोरा, बाकी कोळसा व गंधक, असे हे नुसते मिश्रण. शुद्ध सोरा ओल फारशी ओढत नाही. त्यात राहिलेले मीठ ओढते. सोरा विरघळून वेगळा साकळतो. मग वाळवूनही भागत नाही, दारू पुन्हा घोटावी लागते.

अहिल्यानगरच्या भुईकोटाला ही चिंता कमी. त्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यातील रतनगडाला मात्र पावसाळाभर. ऐन हल्ल्यात तोफ फुसकी निघणे म्हणजे गड जाणे. म्हणून रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त (सुमारे १७१५) आठ-पंधरा दिवसांनी दारू बाहेर काढून तिला ऊन देण्याचे काम हवालदाराला लावून दिले आहे. श्रावणात ते ऊन मिळवणे हीच परीक्षा! आजच्या काडतुसांतील नायट्रोसेल्युलोज मात्र कोरडे असूनही हळूहळू विघटित होते. म्हणून त्यात डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक घालतात.