थकलेले येणे : मंद्रूप आणि सोलापूर भागातील वसुलीचा इतिहास

दक्षिण सोलापूर तालुक्यातले मंद्रूप सोलापूर–विजयपूर रस्त्यावर, सीना आणि भीमा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसले आहे. सोलापूरहून निघून वडकबाळजवळ सीना ओलांडली की मंद्रूप येते आणि पुढे टाकळीजवळ भीमा ओलांडली की कर्नाटक लागतो. काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी हे इथले जुने पीक; ऊस नंतर आला. पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे व्यवहार उधारीचा. बियाणे सुगीच्या बोलीवर मिळे, विणकराला सूत कापडाच्या बोलीवर मिळे आणि व्यापाऱ्याचा माल मुदती हुंडीवर सुटे. मुदत भरल्यावर देणेकऱ्याने हात वर केले तर पैसे कसे काढायचे, हा प्रश्न अशा व्यवहारात अटळच होता. त्याचे उत्तर शोधताना धनकोने आधी देणेकऱ्याच्या दाराचा आधार घेतला, मग पंचायतीचा, मग स्टँपाच्या कागदाचा आणि शेवटी परवाने व मुदती ठरवणाऱ्या सरकारी यंत्रणेचा.

धर्मशास्त्रात वसुलीच्या मार्गांची स्पष्ट यादी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल असे पाच उपाय येतात. म्हणजे समजावणी, दावा, युक्ती, रूढ दबाव आणि जबरदस्ती. यांतल्या ‘आचरित’ या उपायाचा अर्थ टीकाकारांनी देणेकऱ्याच्या दारात बसणे, त्याची बायकामुले आणि गुरे अडवणे असा लावला. पुढच्या धरण्याचे मूळ इथे दिसते. येणेकऱ्याला इतकी मोकळीक देणाऱ्या शास्त्राने त्याच्या मागणीला मर्यादाही घातली होती. दामदुपटीच्या नियमानुसार एका वेळी घ्यायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ शकत नाही; शंभर रुपयांच्या कर्जापोटी दोनशेच्या वर मागता येत नाही. धान्याच्या उसनवारीला मात्र पाचपटीपर्यंत सूट होती. हे शास्त्र या भागाला परके नव्हते; याज्ञवल्क्यस्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या राजधानीत, कल्याणीत, लिहिली. ते कल्याणी म्हणजे सोलापूरच्या पूर्वेला असलेले आजचे बसवकल्याण. पुढे मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी न्यायालयांनीही दामदुपटीचा नियम हिंदू ऋणकोंना लागू केला.

मराठेशाहीत वसुलीची रोजची रीत म्हणजे तगादा. पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रज अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला, त्यात या रीतीचे तपशीलवार वर्णन आहे. देणेकरी बरोबरीचा किंवा कनिष्ठ असेल तर धनको त्याला घरात कोंडून ठेवी, जेवू देत नसे, उन्हात बसवी. देणेकरी मोठा असामी असेल तर रीत बदले. आधी विनवण्या होत, मग त्याच्या अब्रूला हात घातला जाई. धनको त्याच्या उंबऱ्यावर आडवा पडे, वाट अडवी, दारात आरडाओरडा करी किंवा हे सगळे करायला भाड्याने माणसे बसवी. शेवटचा उपाय उपाशी धरण्याचा. दारात बसलेला अन्न घेत नाही तोवर घरातल्यानेही जेवायचे नाही, हा संकेत दोन्ही बाजू पाळत. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानेही आपल्या पत्रांत धरण्याची हकिगत दिली आहे.

तगाद्याचा खरा उपयोग एल्फिन्स्टनच्या निरीक्षणातून कळतो. मागणी रास्त असेल तर तगादा करणाऱ्याला हुसकावून लावणे कमीपणाचे मानले जाई आणि काहीतरी तडजोड निघे. मागणी खोटी असेल तर छळाला कंटाळलेला देणेकरी स्वतःच पंचायत मागे. त्यामुळे सुस्त अंमलदाराने जो निवाडा लांबवला असता, तो तगाद्याच्या जोरावर सुरू होई. पंचायतीपुढे दोन्ही पक्ष निर्णय मान्य करण्याचा राजीनामा लिहून देत आणि जामीन देत. जिंकणाऱ्याकडून सरकार हरकी म्हणजे जिंकल्याबद्दलची रक्कम घेई, हरणाऱ्याकडून गुन्हेगारी म्हणजे दंड. पेठेत शेटे-महाजन, गावात पाटील-कुलकर्णी आणि परगण्यात देशमुख-देशपांडे यांच्या साक्षीने व्यवहार होत असल्याने हिशोब नाकारणे सोपे नव्हते. गावचे सुतार-लोहार बलुत्यावर काम करत आणि आपला वाटा खळ्यावरच उचलत. रास खळ्यातून घरी जाण्याआधी वाटा पदरात पडत असल्याने त्यांची उधारी थकण्याला आपोआप आळा बसे.

देण्याचा पुरावा हातात असावा, ही जाणीव या भागातल्या लोककथेतही आहे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी कोठार लोकांसाठी खुले केले. तेव्हा विठ्ठलाने विठू महाराच्या रूपाने बिदरच्या दरबारात जाऊन धान्याची रक्कम भरली, अशी आख्यायिका आहे. कथेतला विठू पैसे भरून थांबत नाही, भरल्याची पावतीही घेतो.

१८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांनी घेतला आणि वसुलीचे केंद्र पंचायतीकडून दिवाणी न्यायालयाकडे सरकू लागले. १८५९ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहिता आणि मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर दावा करायला तीन वर्षांची मुदत होती. ती संपण्याआधी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज मुद्दलात धरी. ऋणको निरक्षर असे, समन्स त्याला कळत नसे, हुकूमनामा एकतर्फी होई. १८६० नंतर भारतीय दंड संहितेने धनकोच्या जुन्या हत्याराचीही धार काढली. कलम ५०८ खाली दुसऱ्यावर दैवी कोप ओढवेल असे भासवून त्याला काही करायला लावणे गुन्हा ठरला आणि कायद्याने त्याचे पहिलेच उदाहरण दारात धरणे धरून बसणाऱ्याचे दिले. उंबऱ्यावरचा दबाव आता बेकायदा होता. कागदावरचा दबाव मात्र न्यायालयाच्या शिक्क्याने चालत होता.

या असमतोलाचा स्फोट १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी झाला. शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या लुटल्या आणि कर्जरोखे जाळले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत दंगे पसरले. चौकशी आयोगाच्या अहवालानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर हे त्याचे मूळ चार जिल्हे, म्हणजे मंद्रूपचा मुलूखही त्यात होता. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या पाठीमागे जाऊन मूळ कर्ज किती, व्याज किती आणि परतफेड किती हे तपासण्याचा अधिकार दिला. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे बंद झाले. स्पष्ट गहाण नसलेली जमीन विकता येईना. नोंदणी केलेल्या रोख्याची मुदत १२ वर्षे आणि इतरांची ६ वर्षे झाली. दाव्याआधी मध्यस्थाकडे जाऊन तडजोडीचा प्रयत्न करणे आवश्यक ठरले. महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सावकारांनी पळवाटही लवकर शोधली. कर्जरोख्याऐवजी ते जमिनीचे खरेदीखत करून घेत आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचे वचन केवळ तोंडी देत.

शहराच्या व्यापाराला हे संरक्षण नव्हते. रेल्वे आल्यावर आणि १८७० च्या दशकात कापडगिरणी सुरू झाल्यावर सोलापूर सुताची आणि कापडाची मोठी पेठ बनले. इथे व्यवहार वही, हुंडी आणि पेढीच्या पतीवर चाले. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे, मुदती हुंडीला ठरलेल्या दिवशी. हुंडी न पटणे म्हणजे बाजारात नाव जाणे, आणि पत गेलेल्या पेढीला पुढचा माल कोणी देत नसे. १८८१ मध्ये चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा झाला. त्यात १९८८ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३८ हे आजच्या व्यापाऱ्याचे सर्वांत परिचित हत्यार आहे. धनादेश न वटल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यायची, देणेकऱ्याला १५ दिवस द्यायचे आणि तरी पैसे आले नाहीत तर महिन्याभरात फौजदारी तक्रार करायची, असा त्याचा क्रम आहे.

शेतमालाच्या बाबतीत १९६३ च्या महाराष्ट्र बाजार समिती कायद्याने पैशांची हमी परवान्याशी जोडली. व्यापारी आणि आडत्या यांना परवाना लागतो, आणि मालाची किंमत विक्रीच्याच दिवशी द्यावी असा दंडक आहे. प्रत्यक्षात पुढच्या तारखेचे धनादेश देण्याची चाल राहिली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूर बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकलेल्या बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या हाती हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता दोन रुपयांचा धनादेश पडला. त्यावरही पुढची तारीख होती. ही बातमी देशभर पसरली आणि व्यापाऱ्याचा परवाना निलंबित झाला.

उसाचे गिऱ्हाईक म्हणजे कारखाना, आणि तोच थकबाकीदार झाला तर एकट्या शेतकऱ्याचा तगादा पुरत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत; उशीर झाल्यास वर्षाला १५ टक्के व्याज. रक्कम थकली तर साखर आयुक्त महसुली वसुली प्रमाणपत्र काढतात आणि जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करतात. त्यासाठी कारखान्याची साखर आणि मालमत्ता जप्त होऊ शकते.

चादर, टॉवेल आणि गणवेश बनवणाऱ्या सोलापूरच्या छोट्या उद्योजकांसाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने, लागते. तक्रार या कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे जाते आणि तिच्या निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एकेकाळी चक्रवाढ हे सावकाराच्या शोषणाचे साधन होते. या कायद्यात ती चुकार खरेदीदाराची शिक्षा झाली.

धरणेही संपले नाही. दंड संहितेतले कलम ५०८ हे २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३५४ क्रमांकाने आले आहे, पण त्याचा रोख दैवी कोपाच्या धमकीवर आहे. त्या धमकीशिवाय बसणे त्याच्या कक्षेत येत नाही. थकलेल्या उसाच्या बिलासाठी शेतकरी कारखान्याच्या दारात किंवा पुण्यात साखर आयुक्तांच्या कार्यालयासमोर, म्हणजे साखर संकुलासमोर, ठिय्या देतात. एल्फिन्स्टनच्या काळाप्रमाणेच या बसण्याचा उद्देश अधिकाऱ्याला निवाडा करायला लावणे हाच असतो.