मार्जारकिशोर

रामानुजाचार्यांच्या पश्चात् श्रीवैष्णवांमध्यें जो मतभेद माजला, त्याचें मर्म दोन लहानशा दृष्टान्तांत सांगण्याचा प्रघात आहे. वडकलै पंथाचे लोक म्हणतात, माकडाचें पिलूं जसें आईला घट्ट धरून राहतें, तसें जीवानें ईश्वराला धरून राहिलें पाहिजे, हा मर्कटकिशोरन्याय. तेंकलै पंथाचें म्हणणें असें कीं, जीवाच्या हातीं तेवढेंही नाहीं, मांजरी जशी पिलाला तोंडांत धरून उचलते, तसा ईश्वरच त्याला उचलतो, हा मार्जारकिशोरन्याय. यांतील खरें कोणतें, हा वाद वेदान्त्यांचा. परंतु आई आलीच नाहीं, तर पिलाचें काय? ईश्वराच्या बाबतींत हा प्रश्न उद्भवत नाहीं. मांजरीच्या बाबतींत तो रोज उद्भवतो. त्याला मनुष्यानें वेळोवेळीं काय उत्तर दिलें, याचा इतिहास मनोरंजक आहे, तसाच थोडा लाजिरवाणाही आहे.

मांजराचा इतिहास म्हटला कीं, प्रथम आठवतो तो इजिप्त देश. तेथील हायराकोन्पोलिसच्या प्राचीन स्मशानांत, इ. स. पूर्व ३७०० च्या सुमाराच्या एका खड्ड्यांत सहा मांजरें पुरलेलीं सांपडलीं. एक नर, एक मादी आणि दोन निरनिराळ्या विणींतील चार पिलें. पुरण्यापूर्वीं कांहीं काळ तीं माणसांच्या ताब्यांत असावींत, असें अनुमान संशोधकांनीं २०१४ सालीं मांडलें. पुढें त्याच देशांत मांजर देवतेच्या पदवीस चढलें. घरचें मांजर मेलें तर घरांतील माणसें भिंवया काढून टाकीत, असें हिरोडोटसनें लिहून ठेवलें आहे. परंतु उत्तरकालीन मंदिरांच्या परिसरांत पुरलेल्या मांजरांच्या शवांची क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां निराळेंच चित्र दिसलें. पुष्कळ मांजरें वर्षाचीं होण्यापूर्वींच मेलेलीं, कांहीं तर अवघीं कांहीं महिन्यांचीं, आणि अनेकांच्या माना मोडलेल्या! देवीला नवस फेडणाऱ्या भाविकांसाठीं तीं वाढविलीं जात आणि मारलीं जात. या मांजरांची शेवटची विटंबना आणखी पुढची आहे. १८९० सालीं सुमारें १९ टन शवें जहाजानें लिव्हरपूलला नेऊन खतासाठीं विकण्यांत आलीं. भक्ति आणि संगोपन या दोन गोष्टी एक नव्हेत, हा इजिप्तचा धडा.

त्याच भूमींत इस्लामी राजवटींत दयेनें दुसरें रूप घेतलें. १२७७ सालीं मरण पावलेल्या सुलतान बैबर्सनें कैरोबाहेरील आपल्या मशिदीजवळचा एक मळा मांजरांच्या अन्नासाठीं दान दिला होता. मळा पुढें हातोहात विकला गेला, तरी त्या दानाचा मान राखण्यासाठीं काजीच्या कचेरीच्या चौकांत रोज तिसऱ्या प्रहरीं मांजरांना मांसाचे तुकडे घालण्यांत येत. १८३६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत एडवर्ड लेन यानें हें वर्णन केलें आहे. पण त्याच ठिकाणीं तो सहज सांगून जातो कीं, ज्यांना घरचें मांजर नकोसें होई, ते लोक तें आणून त्याच चौकांत सोडून देत. दान जेथें चालतें, तेथेंच टाकणाराचीही सोय होते!

आपल्याकडेही दयेनें संस्थेचेंच रूप घेतलें. भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ सालीं मुंबईंत पारशी समाजानें दंगा केला, आणि १८३४ सालीं जमशेटजी जिजीभाई प्रभृतींच्या पुढाकारानें पांजरापोळ उभा राहिला. लंडनमध्यें मेरी टीलबी या बाईंनीं १८६० सालीं बेवारशी कुत्र्यांसाठीं आश्रम काढला. तो १८७१ सालीं बॅटरसी येथें गेला आणि १८८३ पासून तेथें मांजरांनाही आसरा मिळूं लागला. भारतांत १९६० च्या कायद्यानें, उपासमार होईल अशा स्थितींत प्राण्याला अकारण टाकून देणें हा गुन्हा ठरविला. हें सर्व स्तुत्य खरें. परंतु चौकांत टाकलेले तुकडे ज्याला दांत आहेत त्यालाच उपयोगी. नुकतें जन्मलेलें पिलूं सुमारें १०० ग्रॅम वजनाचें असतें. त्याचे डोळे सात ते चौदा दिवसांनीं उघडतात. स्वतःच्या अंगाची ऊब त्याला राखतां येत नाहीं. आईनें चाटल्यावांचून त्याला मलमूत्रविसर्जनही साधत नाहीं.

हें मी ग्रंथांतून शिकलों असें म्हणतां आलें असतें, तर बरें झालें असतें. पुष्कळ वर्षांपूर्वीं, पावसाळ्यांतील एका सकाळीं, आमच्या जिन्याखालीं ओल्या तरटावर तीन पिलें सांपडलीं. मीं मोठ्या भूतदयेनें कापसाच्या बोळ्यानें त्यांच्या तोंडांत गाईचें दूध पिळलें. संध्याकाळपर्यंत तीं तिन्ही गेलीं. गार पडलेल्या पिलाला आधीं हळूहळू ऊब द्यावयाची असते. दूध मागाहून, कारण गारठलेल्या पोटांत तें पचत नाहीं. तें पाजावयाचें तेंही पिलाला पालथें धरून, नाहीं तर तें श्वासनलिकेंत जातें. शिवाय मांजरीच्या दुधाच्या मानानें गाईच्या दुधांत प्रथिनें बरींच कमी. म्हणून हल्लीं पिलांसाठीं मुद्दाम बनविलेलें दूध वापरतात. आणि सर्वांत मोठी चूक निराळीच. मांजरी आपलीं पिलें सात घरें हिंडवते, असें आपल्याकडे म्हणतात. तीं नेते एकेक करून. त्यांची आई चौथें पिलूं घेऊन गेली असेल आणि बाकीच्यांसाठीं परत येणार असेल, हा विचार मला त्या वेळीं शिवलाही नाहीं. थोडें दूर उभें राहून वाट पाहणें, हीही सेवाच आहे, हें मला फार उशिरां कळलें.

आई खरोखरच येत नसेल, तर दुसरी एखादी विलेली मांजरी तीं पिलें पुष्कळदां आपल्यांत घेते. तीही नसेल, तर माणसाला आई व्हावें लागतें. पहिल्या आठवड्यांत दर दोन-तीन तासांनीं, रात्रींसुद्धां, दूध पाजावयाचें आणि कोमट ओल्या बोळ्यानें अंग पुसून आईच्या जिभेचें काम करावयाचें. म्हणूनच आतां अनेक संस्था अशीं पिलें पिंजऱ्यांत न ठेवतां स्वयंसेवकांच्या घरीं सोंपवितात. इजिप्तनें मांजराला देऊळ दिलें, कैरोनें मळा दिला, लंडन-मुंबईनें आश्रम आणि कायदे दिले. त्यांपैकीं कशाचीही योग्यता मी कमी मानीत नाहीं. पण रात्रीं दोन वाजतां उठणें यांपैकीं कोणाच्यानेंही होत नाहीं. त्याला कोणीतरी एक माणूस लागतो.