वॉलट्यूबचा सांधा

दापोडीतल्या सायकलच्या दुकानात मी पाच मीटर वॉलट्यूब मागितली, तेव्हा दुकानदाराने हातातला पाना खाली ठेवला. एका सायकलीला लागते बोटाच्या पेराएवढी नळी.

"एवढी कशाला हो, सर? दुकान टाकताय का?"

"नाही, आठवीच्या मुलांसाठी हवीये. विज्ञानाला."

त्याने खणातून गुंडाळी काढली, टेबलाच्या कडेवर मोजली आणि कात्रीने कापून दिली. म्हणाला, "आता फार कुणी नेत नाही. गिअरच्या सायकलींना मोटारीसारखा वॉल येतो ना."

ही नळी सायकलीत काय काम करते ते आधी सांगतो, कारण तिची पुढची सगळी कुळकथा या पहिल्या कामातून निघाली आहे. चाकाच्या ट्यूबला जो वॉल असतो, त्याच्या आत एक पोकळ धातूची दांडी असते. दांडीच्या अंगावर एक बारीक भोक. त्या भोकावर ही रबरी नळी घट्ट चढवलेली. पंप मारला की हवा दांडीतून येते, भोकापाशी रबर किंचित उचलते आणि ट्यूबमध्ये शिरते. हात थांबला की आतली हवा रबराला दाबून धरते आणि भोक बंद होते. स्प्रिंग नाही, आटे नाहीत. जे रबर वाट देते तेच वाट अडवते. घट्ट धरायचे आणि तरी लवायचे, हे दोन गुण तिच्या अंगी आहेत. पुढे शाळेत ती ज्या कामाला लागली, त्याला नेमके हेच दोन गुण लागत होते.

हा माल या पट्ट्यात मुबलक असायचा. १९५०च्या दशकात पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. पुण्याहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीमार्गे पाळीला जाणारे कामगार सायकलीवर असत. पंक्चरच्या दुकानात वॉलट्यूब नाही, असे तेव्हा होत नसे.

१९७५ साली आयआयटी कानपूरमधून बाहेर पडलेला अरविंद गुप्ता नावाचा तरुण इंजिनिअर याच पट्ट्यात टेल्कोत रुजू झाला. मूळचा बरेलीचा. ट्रक बनवणाऱ्या कारखान्यातली नोकरी म्हणजे तेव्हा जन्माची ददात मिटली असे घरोघर मानत. १९७८मध्ये त्यांनी वर्षभराची रजा घेतली आणि ते मध्य प्रदेशात होशंगाबादला गेले. वॉलट्यूब आणि आगपेटीच्या काड्या यांची सोयरीक तिथे जुळली.

होशंगाबादला काय चालले होते? किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रुरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली सोळा शाळांत विज्ञान शिकवण्याची वेगळी रीत सुरू केली होती. तिच्यामागे अनिल सद्गोपाल आणि त्यांच्यासारखे प्रयोगशाळा सोडून खेड्यात उतरलेले लोक होते. सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या टोळ्यांत बसत, स्वतः प्रयोग करत, आलेल्या आकड्यांवर वाद घालत. 'बाल वैज्ञानिक' हे त्यांचे पुस्तक प्रश्न विचारी. उत्तर मुलांनी आपल्या वहीत शोधून लिहायचे. परीक्षेला पुस्तक आणि वही सोबत नेण्याची मुभा होती, कारण पाठ केलेले तपासायचेच नव्हते. १९७८मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या दोनशेहून अधिक शाळांत पोचला. गुप्ता नेमके त्याच वर्षी तिथे गेले.

सोळा शाळांना साहित्य पुरवणे एकवेळ जमते. दोनशे शाळांना काचेची नळकांडी आणि पितळी तराजू कोण देणार? म्हणून आठवडी बाजारात जे मिळते त्यातूनच विज्ञान उभे करायचे असे ठरले. सुईच्या जागी बाभळीचा काटा आला. आणि काडीला काडी जोडायला सायकलची वॉलट्यूब आली.

दीड सेंटिमीटरचा तुकडा घ्या. दोन्ही तोंडांतून एकेक काडी आत सरकवा, गूल आधी खरवडून टाका. दोघांचा सांधा तयार झाला. तो हवा तसा वाकतो, म्हणजे कोन लहान-मोठा करून दाखवता येतो. मधोमध काट्याने भोक पाडून तिसरी काडी टोक काढून खुपसली की तिघांचा सांधा. एका तुकड्यातून दुसरा तुकडा आडवा ओढून घेतला की चार तोंडांचा. एवढ्या सामग्रीवर हायस्कूलची भूमिती आणि अभियांत्रिकीची पहिली काही पाने उभी राहतात.

या कल्पनेचे पूर्वजही सांगायला हवेत, नाहीतर ती एका रात्रीत आकाशातून पडली असे वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हेन्री आर्मस्ट्राँग हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ सांगत होता की मुलाला शोधणाऱ्याच्या जागी उभे करा. आपल्या बीएडच्या पुस्तकांत ती 'स्वयंशोधन पद्धती' म्हणून येते आणि परीक्षेत तिच्यावर टीप लिहायला सांगतात. युद्धात शाळा बेचिराख झालेल्या देशांतल्या शिक्षकांसाठी युनेस्कोने १९४८ साली एक पुस्तिका काढली. डबे, बाटल्या आणि तारा वापरून प्रयोग कसे करावेत, हे तिच्यात होते. तिचेच १९५६मध्ये विज्ञानशिक्षकांसाठीचे मोठे मार्गदर्शक पुस्तक झाले. हाताने करत शिकण्याची आपली वाट १९३७च्या वर्ध्याच्या नयी तालीमपर्यंत मागे जाते. मुंबईत १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पंखाखाली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघाले. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महापालिकेच्या शाळांत आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यात काम केले. पुष्कळदा मुलांना विज्ञानाआधी पुस्तकाची भाषाच अडवते, हे त्यांनी दाखवून दिले. आपल्या चाकणपासून जवळच, पाबळला, श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्यातून आठवी ते दहावीच्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती असे हातात येणारे तंत्रज्ञान मिळू लागले. हे सगळे या सांध्याचे चुलतभाऊ.

पण सांध्याकडे परत येतो, कारण माझे मन तिथेच रमते.

मुलांना मी आधी चौकोन करायला सांगतो. चार काड्या, चार तुकडे. चौकोन होतो आणि लगेच लोळतो. समभुज होतो, चपटा होतो, मुलांच्या बोटांत खेळू लागतो. मग त्रिकोण. तो हलत नाही. काडी मोडेल, पण त्रिकोण वाकणार नाही. इथे शिक्षकाला बोलायची फार ऊर्मी येते. 'मुलांनो, बघा, त्रिकोण ही दृढ आकृती आहे' हे वाक्य जिभेच्या टोकावर असते. ते गिळायला मला काही वर्षे लागली. न बोलता थांबलो की दोन मिनिटांत कुणीतरी पाचवी काडी उचलते आणि चौकोनाच्या पोटात तिरकी घालू बघते. ती आखूड पडते. किती आखूड? मोजपट्टी निघते. चार सेंटिमीटरच्या बाजूला साडेपाचाहून थोडी जास्त लांबी लागते, हे मुले कागदावर आखून मोजतात, आणि पायथागोरस या माणसाचे नाव तेव्हा कामाचे वाटते.

मग घन. आठ कोपरे, तिघांचे आठ सांधे, बारा काड्या. टेबलावर ठेवला की पेंगुळल्यासारखा एका अंगाला कलतो. त्याला उभा करायला किती तिरक्या काड्या लागतील, एवढाच प्रश्न मी फळ्यावर लिहितो. या काड्या लांब हव्यात, म्हणून खराट्याच्या काड्या देतो. त्यांची टोके रबरात खुपसता येतात. कुणी चार म्हणते, कुणी आठ, कुणी बारा. खरे उत्तर सहा आहे, प्रत्येक पृष्ठावर एक. पाच घातल्या तर घन अजून कुठेतरी हलतो. जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली याचा हिशेब मांडला होता: सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून सहा वजा करा, तेवढ्या काड्या हव्यात. आठ त्रिक चोवीस, वजा सहा, अठरा. बारा होत्याच, सहा वाढल्या. हे सूत्र आठवीच्या पुस्तकात नाही. पण चतुष्फलकाचे चार सांधे आणि सहा काड्या, अष्टफलकाचे सहा सांधे आणि बारा काड्या, असे न हलणारे आकार करून तक्ता मांडला की काही मुले त्या सूत्राच्या फार जवळ जातात. मी ते डोळ्यांनी पाहिले आहे.

दापोडीत हा तास घ्यायला एक वेगळे बळ मिळते. इथे एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. वर्गातल्या कुणाचे वडील फॅब्रिकेशनला, कुणाचा मामा भोसरीत प्रेसवर, कुणाची आई असेंब्ली लाईनवर. तिरकी पट्टी लावल्याशिवाय सांगाडा धरत नाही, हे या घरांतल्या माणसांना हाताने ठाऊक असते. "सर, पप्पा याला ब्रेसिंग म्हणतात," असे एक मूल सांगते आणि त्या क्षणी घर आणि शाळा यांच्यात तिरकी काडी बसते. कारखान्यांच्या एवढ्या गर्दीत राहणाऱ्या मुलांना विज्ञान पाठ्यपुस्तकातूनच भेटावे, याचे मला फार दुःख होते.

आपल्या प्रयोगवहीकडे पाहा. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. क्रम उत्तम आहे. पण मी ज्या शाळेत शिकलो तिथे अनुमान आधी फळ्यावरून उतरवले जाई आणि प्रयोग, झाला तर, नंतर. वही सुबक असे, गुण पूर्ण मिळत, आणि प्रयोगशाळेचे कुलूप तपासणीच्या आठवड्यात निघे. पुढे 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रशिक्षणांतून आला, भिंती रंगल्या, फरशीवर आकृत्या आल्या. शब्द चांगला आहे. पण मूल चुकेपर्यंत वाट पाहायला वेळापत्रकात जागा नसेल, तर शब्द काय करील?

शब्दाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या बोलीत 'चौकस' मूल कौतुकाचे आणि 'चौकशी' मात्र धास्तीची: ती खात्यामार्फत होते, मागे लागते. एक एसटी स्टँड तेवढे असे ठिकाण आहे की तिथे 'चौकशी' ही पाटी लावून माणूस बसवलेला असतो आणि कुणीही जाऊन विचारू शकते. वर्गाने ही चौकशी घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

सांध्याचे पुढे बरेच भले झाले. गुप्तांनी टेल्को सोडली. १९८०च्या दशकात काड्यांच्या प्रतिकृतींचे त्यांचे पहिले पुस्तक निघाले, ते बारा भारतीय भाषांत गेले आणि त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००३मध्ये ते पुण्याला आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आले. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून झाली आणि तिचे नाव 'पुलस्त्य'. २०१४पर्यंत ते तिथे होते. २०१८ साली पद्मश्री मिळाली. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र २००२मध्ये सरकारने बंद केला. तीस वर्षे चाललेली गोष्ट थांबली.

एका बाबतीत सांध्याचे नशीब खोटे निघाले. पुष्कळ शाळांत तो कार्यानुभवाच्या तासाला गेला. 'टाकाऊतून टिकाऊ' या मथळ्याखाली रंगीत काड्यांचे घर होते, प्रदर्शनात मांडले जाते, पाहुणे फोटो काढतात. सांधा तोच, काडी तीच. फक्त ते घर हलते का, आणि हलत असेल तर का, हे कुणी विचारत नाही. स्वस्त साहित्य म्हणजे शोधातून शिकणे, असा गैरसमज इथूनच पसरला. महागड्या प्रयोगशाळेतही मुलाला प्रश्न सापडू शकतो आणि वॉलट्यूब हातात असूनही तो हरवू शकतो.

गेल्या आठवड्यात त्या पाच मीटरचे तुकडे झाले. एका टोळीचा घन पाच खराट्याच्या काड्यांवर आला होता आणि मुलींनी तो उभा राहिला असे जाहीर केले. मी काही बोललो नाही. त्यांच्यातल्या एकीने वरचा कोपरा दोन बोटांत धरून हलकेच ढकलला. घन एका अंगाने दबला. तिने मैत्रिणींकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग एकेक पृष्ठ बोटाने मोजायला लागली.