बटाट्यावरची तेरा वर्षे

वाङ्मयाच्या अभ्यासकाला पाठभेद म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मूळ पोथी हरवते, नकलांच्या नकला होतात, आणि संपादकाच्या हाती जे येते त्याला ‘मूळ’ म्हणावे काय, हा प्रश्न उरतो. क्षयरोगावरील बीसीजी लशीची कथा अशीच आहे. ही लस मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या रोगालाही आवर घालील काय, या प्रश्नाचा विचार करताना ती कथा आठवावीच लागते.

१९०८ मध्ये फ्रान्सातील लील येथे आल्बेर काल्मेत आणि पशुवैद्य कामी गेरँ यांनी गाईंच्या क्षयाचा जंतू बैलाच्या पित्तात शिजवलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. साधारण दर तीन आठवड्यांनी नवा बटाटा. महायुद्धात लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी हा क्रम खंडित झाला नाही. तेरा वर्षांत २३० वेळा असे स्थलांतर झाल्यावर जंतूची मारकता लोपली, आणि १९२१ मध्ये पॅरिसात एका अर्भकाला ही लस प्रथम पाजण्यात आली. (टोचण्याची रीत नंतरची.) पुढे १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक येथे लशीत जहाल जंतू मिसळले गेले आणि सत्तरहून अधिक अर्भके दगावली. आपल्याकडे चेंगलपट्टूला १९६८ मध्ये सुरू झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयापुढे ती निष्प्रभ ठरली. बालकांना होणाऱ्या मेंदूच्या क्षयापासून मात्र ती वाचवते. आपल्या दंडावरचा व्रण त्यासाठीच.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण नष्ट करते. टॉमस रिव्हर्स यांनी १९३० च्या दशकात माकडांना मेंदूच्या अर्काची अनेक इंजेक्शने देऊन असा विकार घडवला होता. १९४७ मध्ये एल्विन काबाट यांनी त्या अर्काला फ्रॉइंड यांचे मिश्रण, म्हणजे तेल आणि मृत क्षयजंतू, जोडले. मग थोडीच इंजेक्शने पुरली. क्षयजंतू येथे आगीत तेल ओततो, अगदी शब्दशः. पुढे मात्र उंदरांमध्ये उलटेच दिसले: जिवंत बीसीजी आधी टोचली तर तोच विकार सौम्य होतो. जंतूला मित्र वा शत्रू ठरवणारी आपली भाषा येथे अपुरी पडते.

माणसांतील पुरावा मुख्यतः रोमचा. जोव्हानी रिस्तोरी आणि सहकाऱ्यांनी रोगाचा पहिलाच झटका आलेल्यांवर केलेली चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती पूर्ण करणाऱ्या ७३ जणांपैकी ३३ जणांना बीसीजी दिली होती. पाच वर्षांनंतर लस घेतलेल्यांपैकी ५८ टक्के लोकांचा रोग निश्चित निदानापर्यंत पोहोचला नव्हता. इतरांत हे प्रमाण ३० टक्के होते. दरम्यान दोन्ही गटांना इतर औषधेही मिळाली होती. एवढ्या लहान संख्येवर उपचार उभारणे मला घाईचे वाटते. पण या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करणेही योग्य नव्हे.

भारतात हा रोग विरळ आणि बीसीजी सार्वत्रिक, म्हणून दोहोंची सांगड घालण्याचा मोह होतो. पण नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या पारशांत हा रोग तुलनेने अधिक असल्याचे दाखवले होते. शहर तेच, हवा तीच. तेव्हा आनुवंशिकता बाजूला सारता येत नाही.

आणि कोणती बीसीजी? काल्मेत यांचा मूळ जंतू आज कोठेही शिल्लक नाही. तो गोठवून जपण्याची सोय होईपर्यंत देशोदेशींच्या प्रयोगशाळा त्याच्या नकलांच्या नकला करीत राहिल्या. टोकियो, कोपनहेगन, मॉस्को येथील वाण जनुकीयदृष्ट्या आता परस्परांहून भिन्न आहेत, आणि एका वाणाने रोममध्ये दिलेला गुण दुसरा देईलच, असे गृहीत धरता येत नाही.