बीप वाजली, म्हणजे नेमकं काय कळलं?

गेले काही भाग आपण लढायांबद्दल बोलत होतो. आज टेबलावर नकाशा नाही, डिजिटल मल्टिमीटर आहे. इथे जयपुरात एप्रिल लागला की गच्चीवरचे कूलर खाली येतात, आणि मग शेजारीपाजारी मला विचारतात, "कर्नलसाहेब, ह्या मीटरवरचं ते आवाजाच्या लहरींसारखं चिन्ह कशासाठी असतं?" ते कंटिन्युइटीचं चिन्ह. मराठीत म्हणायचं तर, तार इथून तिथपर्यंत अखंड आहे का, एवढाच प्रश्न. हा प्रश्न आपल्या देशात जवळजवळ दोनशे वर्षं जुना आहे, आणि त्याचं उत्तर शोधायला निघालेला एक माणूस परत आलाच नाही.

आधी मीटर काय करतं ते बघू. नॉब त्या चिन्हावर नेला की मीटर स्वतःच्या बॅटरीतून अगदी थोडा प्रवाह एका प्रोबमधून बाहेर सोडतं आणि दुसऱ्या प्रोबमधून तो परत येतो का ते पाहतं. वाटेतला रोध ठरावीक मर्यादेपेक्षा कमी असेल तर बीप वाजते. ही मर्यादा प्रत्येक मीटरची वेगळी, साधारण काही दहा ओहम. मीटरच्या पुस्तिकेत ती छापलेली असते, पण ती पुस्तिका कोण वाचतो!

१८३९ साली असलं मीटर नव्हतं. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारा विल्यम ओशॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर होता. त्याने तिथल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये एकवीस मैल तार बांबूंवरून फिरवली आणि तिच्यातून संदेश धाडून पाहिले. संदेश आला हे कळायचं कसं? तर घेणाऱ्याच्या बोटांना झटका बसायचा. बोटं हेच मीटर. आज हसू येतं, पण पद्धत तीच: एका टोकाला प्रवाह सोडा, दुसऱ्या टोकाला तो पोहोचला का ते बघा.

पुढे ओशॉनेसीच्याच देखरेखीखाली आणि शिवचंद्र नंदींसारख्या भारतीय सहकाऱ्यांच्या कष्टाने १८५१ मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर मार्ग सुरू झाला. १८५५ च्या सुरुवातीला कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडले गेले होते. मुंबईची तार आपल्या आग्रा रोडच्या बाजूने नाशिक, धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्र्याला जायची. तार एकच, परतीचा रस्ता जमिनीतून. त्यामुळे मधे कुठेही तुटली की पलीकडचं सगळं मुकं. आणि दोनशे मैलांत नेमकी कुठे तुटली, हा खरा प्रश्न.

आता १० मे १८५७, रविवार. दिल्लीचं तार ऑफिस काश्मिरी गेटच्या बाहेर होतं. आदल्या दिवशी मेरठच्या तिसऱ्या लाइट कॅव्हलरीच्या पंचाऐंशी सवारांना काडतुसं नाकारल्याबद्दल परेडवर बेड्या ठोकल्या होत्या, आणि तिथे खदखद आहे अशी कुजबुज रविवारी सकाळी तारेवरून दिल्लीत आली होती. मग सुट्टीच्या दिवसाप्रमाणे ऑफिस बंद झालं. दुपारी चारच्या सुमाराला उघडलं, तेव्हा मेरठ उत्तर देईना.

तार ऑफिसात तिघे होते: मुख्य चार्ल्स टॉड आणि त्याचे दोन तरुण मदतनीस, ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन. मेरठची तार यमुनेच्या पात्राखालून केबलने पलीकडे जात होती, आणि पलीकडच्या काठावर केबल हाउस होतं. पहिला संशय केबलवर, कारण पाण्यातली केबल कुजायचीच. टॉडने दोघांना नदीपलीकडे पाठवलं. तिथे त्यांनी तार सोडवून दिल्लीशी जोडून पाहिली, तर दिल्ली बोलली. मेरठच्या बाजूने काहीच नाही. म्हणजे केबल शाबूत, बिघाड तिच्या पुढे. मंडळी, ही शुद्ध कंटिन्युइटी टेस्ट आहे. लाइनचे दोन तुकडे करायचे, एक तुकडा निर्दोष ठरवायचा आणि उरलेल्याच्या मागे लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉड स्वतः गाडीतून नावांचा पूल ओलांडून बिघाड शोधायला निघाला. मेरठचे सवार त्याच रस्त्याने दिल्लीकडे येत होते. टॉड मारला गेला. मागे राहिलेल्या दोघांनी अंबाल्याला तार करून दिल्लीतली परिस्थिती कळवली, ती तार पुढे पंजाबात गेली, आणि लाहोरजवळ मियां मीरला १३ मे रोजी इंग्रजांनी देशी पलटणींची शस्त्रं काढून घेतली. पुढे इंग्रजांनी "तारेने हिंदुस्थान वाचवला" असं म्हणत १९०२ मध्ये दिल्लीत स्मारकस्तंभ उभारला. मला ते वाक्य फुगवलेलं वाटतं. तारेने त्यांना काही दिवसांची आघाडी दिली, एवढंच. आणि एका शिपायाच्या नजरेने पाहिलं तर मला वेगळीच गोष्ट खटकते. तांत्रिक चाचणी अगदी बरोबर झाली होती. "कुठे तुटली" हे त्यांना नदीपर्यंत कळलं. पण "का तुटली" हे विचारायला मीटरकडे बटण नसतं. सकाळची कुजबुज आणि दुपारची मुकी तार एकत्र ठेवून पाहायचं काम माणसाचं.

यंत्रं पुढे सुधारत गेली. १९२३ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातला इंजिनियर डोनल्ड मॅकेडी, दुरुस्तीसाठी वेगवेगळी मीटरं वाहून कंटाळलेला, त्याने अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत बसवले. तिचं नाव अॅव्होमीटर. आवाजाची सोय डिजिटल मीटरबरोबर सर्रास झाली, आणि माझ्या मते आकड्यांपेक्षा तीच मोठी. कारण बिघाड शोधताना डोळे तारेवर हवेत, डायलवर नव्हे.

मी पायदळातला, सिग्नल्सचा नाही. पण आमच्या पलटणीच्या सिग्नल प्लॅटूनची पोरं राजस्थानच्या वाळूत फील्ड टेलिफोनची केबल टाकायची, तेव्हा मी बघत असे. वाळूत गाडलेली केबल गाडीच्या चाकाने किंवा उंटाच्या पायाने तुटायची. आठ किलोमीटरची लाइन, दर पाचशे मीटरला एक जोड, म्हणजे सोळा तुकडे. नवखा एका टोकापासून चालत सुटायचा. मुरलेला लाइनमन सरळ मधल्या जोडावर जायचा, तिथून पाहायचा कुठली बाजू बोलते, मग मुकी बाजू पुन्हा निम्मी. चार चाचण्यांत सोळातला एक तुकडा हातात. यमुनेच्या काठावरची तीच युक्ती.

आता तुमचा कूलर. लोखंडी पेटी, आत पाणी, पाण्यात पंप, ओले हात आणि अनवाणी पाय. राजस्थान काय आणि विदर्भ काय, उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, ती बहुतेक अर्थिंगच्या एका तुटलेल्या वायरीमुळे. म्हणून प्लग पूर्ण बाहेर काढा. वीज चालू असताना कंटिन्युइटी तपासायची नाही, मीटरही जाईल आणि तुम्हीही. प्रोब एकमेकांना टेकवून मीटर वाजतं का बघा. मग एक प्रोब प्लगच्या जाड पिनवर आणि दुसरा कूलरच्या पत्र्यावर, रंग खरवडून. बीप यायला हवी. ती धरून ठेवत वायर प्लगच्या मानेपाशी आणि पेटीत शिरते तिथे हलवा. आवाज तुटक झाला तर वायर आतून तुटलेली आहे. टेप गुंडाळत बसू नका, वायर बदला.

एका चौरस मिलिमीटरच्या लवचिक वायरीत बत्तीसच्या आसपास बारीक तांब्याचे धागे असतात. एकतीस तुटले आणि एकच उरला, तरी मीटर तितक्याच जोरात वाजतं, कारण त्याने सोडलेला प्रवाह नगण्य असतो. खरा शॉर्ट झाला की त्या एका धाग्यातून मोठा प्रवाह धावतो आणि एमसीबी पडायच्या आधी धागाच वितळू शकतो. म्हणून हलवून बघणं आणि डोळ्यांनी बघणं सोडायचं नाही. उलट बाजूही आहे: मोटरचं वाइंडिंग किंवा ट्रान्सफॉर्मर मधे असेल तर त्यातूनही वाट मिळते आणि बीप वाजते. शंका आली तर वायरीचं एक टोक सोडवून पुन्हा तपासा.

फेजची पिन आणि पत्रा यांच्यात बीप आली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ओलसर इन्सुलेशनमधून गळणारा प्रवाह ह्या चाचणीत दिसत नाही. त्याला पाचशे व्होल्टचा मेगर लागतो. आणि भिंतीतल्या सॉकेटची अर्थिंग खरोखर जमिनीपर्यंत पोहोचते की नाही, हे तर तुमच्या मल्टिमीटरच्या बीपने कळणारच नाही. त्यासाठी परवानाधारक वायरमन बोलवा आणि त्याच वेळी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या. जयपुरात हे काम मार्चमध्ये उरकलेलं बरं, एप्रिलात एकही वायरमन सापडत नाही.