धरमतर ते डोव्हर



पेणहून अलिबागेकडे जातांना वडखळ मागें पडलें कीं धरमतरचा पूल लागतो. खालीं अंबा नदीचें गढूळ पाणी, कडेला खाजणें. मोटार क्षणांत पुढें जाते. याच खाडींतून मुंबईच्या गेटवेपर्यंत माणसें पोहत जातात, हें प्रवाशाच्या ध्यानींमनींहि नसतें.

अंतर सुमारें ३६ किलोमीटर. परंतु खरा हिशेब अंतराचा नव्हे, ओहोटीचा. ओहोटी साधून निघालें तर करंजा आणि रेवस यांच्यामधून बाहेर पडेपर्यंत पाणीच पोहणाराला ओढून नेतें. वेळ चुकली कीं भरती तोंडावर येते. सोबत होडी असते, खाणेंपिणें तिच्यावरून मिळतें, पण तिला हात लावावयाचा नाहीं.

इंग्लिश खाडी सर्वांत अरुंद जागीं ३४ किलोमीटरांच्या आसपास आहे. म्हणजे डोव्हरला लागणारें अंतर धरमतरास पुरें होतें. होत नाहीं ती थंडीची तालीम. आपलें पाणी कोमट. तिकडे भर ऑगस्टांत १६ ते १८ अंश!

१९८२ सालीं जन्मलेल्या रूपाली रेपाळे हिनें ओलांडलेल्या जलमार्गांत धरमतरहि आहे. १५ ऑगस्ट १९९४ रोजीं, अवघ्या बारा वर्षांची असतांना, तिनें इंग्लिश खाडी पार केली. वेळ लागला १६ तास ७ मिनिटें. १९५९ सालीं आरती साहा ही खाडी ओलांडणारी पहिली आशियाई स्त्री ठरली, तेव्हां तिला १६ तास २० मिनिटें लागलीं होतीं. मधल्या काळांत, १९८७ सालीं, मुंबईच्याच अनिता सूदनें तें काम ८ तास १५ मिनिटांत उरकलें. नुसतें घड्याळ पाहणारा म्हणेल, मग रूपालीचें कौतुक तें काय? पण सावकाश पोहणाराला थंडी दुप्पट वेळ सोसावी लागते, आणि लहान अंगाची ऊब लवकर जाते. सोळा तास त्या पाण्यांत टिकणें हाच तिचा पराक्रम.

पुढें ही खाडी पोहण्यास किमान १६ वर्षांचें वय ठरविण्यांत आलें. नियम मला रास्त वाटतो. आपल्या घरच्या बारा वर्षांच्या मुलीला आपण त्या पाण्यांत उतरूं देऊं काय, हें ज्याचें त्यानें मनाशीं विचारावें. रूपालीच्या घरच्यांनीं मात्र तिला उतरूं दिलें.

जिब्राल्टर आणि पाल्क या सामुद्रधुन्याहि तिनें पार केल्या. नेल्सन मंडेला जेथें १८ वर्षें बंदींत होते, त्या रॉबेन बेटाचा समुद्रहि ती पोहली. तेथून किनारा धरमतर-गेटवेच्या चौथ्या हिश्शाइतकाहि दूर नाहीं. पाणी मात्र बहुधा डोव्हरहूनहि गार.